मुरूम टाकला होता का?

मौजे बोरवाडी, ता. पातूर
९ मे २००६

अब्दुल रहीम यास,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दाम लिहिलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

आज पहाटे सुभद्रेच्या तेरा कोंबड्या गेल्या. सतरा होत्या, चार उरल्या. कोल्ह्याने तीन नेल्या आणि बाकीच्या दहा मारून तिथेच टाकल्या. भूक लागली म्हणून त्याने खाल्ल्या असत्या तर मी एखादे वेळी समजलो असतो. पण दहा मारून टाकायच्या, ही भूक नव्हे. ही मस्ती आहे. मी सकाळी परसात गेलो तेव्हा सुभद्रा एकेकीला उचलून खुराड्यापाशी ओळीने ठेवत होती. रडत नव्हती. ती रडली असती तर बरे झाले असते. तिने मला फक्त विचारले, "मामाजी, जाळी तं पक्की होती ना?"

मी काय सांगणार? तुम्हीच सांगा.

तीस वर्षे तुम्ही पातुरात जाळ्या, पिंजरे आणि चाळण्या विकल्या. जानेवारीत माझ्या परसाला जाळी ठोकली आणि आठव्या दिवशी दुकान पुतण्याच्या, दानियालच्या गळ्यात घालून अमरावतीला पोराकडे निघून गेलात. इमरानला नांदगाव पेठेच्या गिरणीत काम लागले म्हणे. लागू दे. पण जाताना तुम्ही माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन काय म्हणाला होता? "खुशाल, ह्या जाळीतून कोल्ह्याचा बाप येनार नाही." खरे आहे. बाप आला नाही. तोच आला.

कसा आला तेही लिहितो. जाळी जमिनीत जिथे गाडली होती तिथे जमीन फाटली. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते हे काय मी तुम्हाला सांगायचे? जाळीच्या कडेकडेने हात जाईल एवढी भेग पडली, कोपऱ्यातला खांब कलला, जाळी सैल होऊन लोंबू लागली आणि तो खालून रांगत आत आला. तुमचे काम कच्चे होते. मी मात्र तुम्ही सांगितले तसे सगळे केले होते.

तुम्हाला वाटेल कोंबड्याच तर आहेत. कोंबड्याच नाहीत. माझा पोरगा श्रावण सुरतेला गेला त्याला दोन वर्षे होतील. पत्र नाही, निरोप नाही. आई त्याची आधीच गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. सुभद्रेचा भाऊ किसन दर्यापूरहून दर दोन महिन्यांनी येतो आणि म्हणतो, चल घरी, नवरा नाही त्या घरी काय राहतेस. त्याची बायको आजारी असते आणि त्याला कापूस वेचायला हक्काचे माणूस पाहिजे, हे मला कळते, सुभद्रेलाही कळते. ती त्याला म्हणायची, "दादा, मी कोनाच्या जिवावर नाही, माह्या कोंबड्यांवर जगतो." आषाढात आखाडीच्या जेवणाला गावरान कोंबडी पातूरचे लोक घरी येऊन नेतात. आता आखाडीला न्यायला आहे काय? किसन एक जूनला येतो म्हणाला आहे. सुभद्रा गेली म्हणजे या घरात मी आणि चुलीतली राख.

म्हणून सांगतो, मी कोल्ह्यालाही सोडणार नाही आणि तुम्हालाही नाही. तो हाती लागेपर्यंत तुम्ही आहातच.

खुशालराव


मौजे बोरवाडी
१८ मे २००६

अब्दुल रहीम यास,

तुमचे उत्तर आले नाही. येणार कसे, तोंड आहे कुठे.

दोन बाजार झाले, त्याची हकीकत कळवतो. दानियालकडून कळली असेलच, पण तो रडून सांगेल, मी नीट सांगतो.

कोंबड्या मेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी पातूरचा बाजार होता. मी फाटलेल्या जाळीचा हातभर तुकडा कापला, त्यात एक मेलेली कोंबडी गुंडाळली आणि काठीला टांगून तुमच्या दुकानासमोर उभा राहिलो. बरोबर समोर. पायरीवर पाय ठेवला नाही, नाही तर म्हणाल दुकानात घुसला. आणि ओरडलो, "या हो या, रहीमची जाळी पाहा! आत कोंबडी, बाहेर कोल्हा, मधी रहीमचा शब्द!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हते. चौथी शिकलेल्या माणसाला भाषण करता येत नाही असे मी समजत होतो. माणसे जमली. भाजीवाल्या बाया उठून आल्या. आलेगावचा एक जण जाळीचा गुंडाळा खांद्यावर घेऊन निघाला होता, तो तिथेच थांबला, कोंबडीकडे पाहिले आणि गुंडाळा परत दुकानात नेऊन ठेवला. तेव्हा मला जे वाटले ते सांगत नाही. तुम्ही समोर असता तर आणखी वाटले असते.

दानियाल बाहेर आला. हात जोडले पोराने. म्हणाला, "काका, दुकान बंद पाडता का माहं? बडे अब्बांशी भांडन असन तर अमरावतीले जा. मी काय केलं?"

मी म्हटले, "पाटीवर नाव कोनाचं हाये?"

"त्याइचंच हाये."

"मंग बस गप."

दुसऱ्या बाजारी कोंबडी नव्हती, नुसता तुकडा नेला, पण लोकांना आता माहीत झाले होते. मी दिसताच एक जण म्हणाला, "आले, रहीमचे जाहिरातवाले आले." हसले सगळे. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो असेन. घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली. सुभद्रेने विचारले, "बाजारात काय केलं एवढं?" मी म्हटले, काही नाही, रहीमची आठवण काढली.

पहिल्या बाजारी कोंबडीचा वास सुटला म्हणून एसटीवाल्याने मला गाडीत घेतले नाही. भर उन्हात पायी आलो. टाचेला फोड आला आहे, पिकतो की काय अशी धास्ती वाटते. हा फोडही तुमच्याच जाळीने दिला असे मी समजतो.

कोल्हा अजून येतो. सकाळी पावले दिसतात. उरलेल्या चार कोंबड्यांना सुभद्रा घरात, डाल्याखाली झाकते आणि वर पाटा ठेवते.

पुढच्या बाजारीही जाणार आहे.

खुशालराव


मौजे बोरवाडी
२९ मे २००६

अब्दुल रहीम यास,

तुमचे कार्ड आले. तीस वर्षांच्या ओळखीनंतर एक ओळ. "नालीत मुरूम टाकला होता का?" खाली सहीसुद्धा नाही. आणि बंद पाकीट नाही, उघडे कार्ड! पोस्टमनने ते माझ्या ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचले. सुभद्रा तिथेच ज्वारी पाखडत होती. तिने मान वर केली नाही. पण सूप थोडा वेळ थांबले.

मुरमाचे काय काढता? मुद्द्याचे बोला. जाळी तुमची, खांब तुमचा, ठोकणारा हात तुमचा. मुरूम म्हणजे काय, चार टोपली लाल खडी. ती टाकली काय आणि न टाकली काय. तुम्ही गाडीभर मुरूम पाठवला होता हे मी नाही म्हणत नाही. "दीड हात नाली खोद, जाळी तळाशी बाहेरच्या बाजूला वळव, आणि वर काळी माती लोटू नको, मुरूम अन् गोटे भर, काळी माती उन्हाळ्यात दगा देते," असे तुम्ही म्हणाला होता, हेही मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही म्हणाला होता की भरायच्या दिवशी मी स्वतः येईन. आलात? तुम्ही त्या दिवशी ट्रकमध्ये गाद्या चढवत होता. मी पातूरला आलो होतो. कोपऱ्यावरून पाहिले. शकीलाभाभी ट्रकमध्ये पुढे बसल्या होत्या. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही.

मग मुरमाला कोण विचारतो? मी घरी आलो आणि नालीत जी माती निघाली होती तीच लोटून दिली. मुरूम वाया गेला नाही, एवढेच सांगतो. अधिक विचारू नये.

तिसराही बाजार केला. आता दुकानासमोर कोणी थांबत नाही. दानियाल आतून पाहतो आणि मान फिरवतो.

कोल्ह्याचे मात्र ठरवले आहे. जाळीने होणार नाही ते औषधाने होईल. कपाशीवर फवारायच्या औषधाचा अर्धा डबा माळ्यावर पडून आहे. सुभद्रेने तो जुन्या गोणपाटाखाली दडवला आहे. या वर्षात आमच्या गावातली दोन माणसे औषध पिऊन गेली, तेव्हापासून गावातल्या सगळ्या बाया डबे दडवतात. मला सापडला आहे. परवा दिवेलागणीला कोंबडीच्या आतड्यात कालवून नाल्याच्या वाटेवर ठेवणार. खाईल आणि तडफडेल. मी लिंबाखाली बसून पाहणार आहे. दहा मारून टाकल्या त्याने. मी एकच मारणार आहे.

फोड बसला. छातीत मात्र डाव्या बाजूला बारीक दुखते. वाराच असेल.

खुशालराव


मौजे बोरवाडी
३ जून २००६

रहीम,

हे पत्र वाचून झाले की चुलीत घालावे. दानियालला सांगू नये. शकीलाभाभींना तर मुळीच सांगू नये, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

३१ तारखेला मी डबा काढला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वाटी, आणि मागच्या दाराने निघालो. परसाच्या फाटकापर्यंत पोचलो नसेन, तेवढ्यात सुभद्रेने मला पाहिले आणि अशी किंकाळी फोडली की झाडावरचे बगळे उडाले. "माय वं! मामाजीनं डबा घेतला! धावा वं कोनी!"

मी म्हटले, "अवं बाई, चूप बस." माझ्या हातातला डबा पडला. तो पडल्याने आणखीच घोटाळा झाला. शेजारची शकुनबाई आली, तिचा नवरा आला, मागून निम्मी गल्ली आली. दोघांनी मला धरले. मी ओरडत होतो, "मी नाही घेतलं! कोल्ह्याले देऊन राहिलो होतो!"

शकुनबाई म्हणाली, "आइका! याइले कोल्हा दिसून राहिला. चढलं वाटते डोक्यात."

तिचा नवरा म्हणाला, "मीठ आना, मीठ!"

सुभद्रेने लोटाभर मिठाचे पाणी केले. माझे नाक दाबून त्यांनी ते पाजले. मग दुसरा लोटा. मग तिसरा. रहीम, माझ्या आजवरच्या आयुष्यात मी एवढे मीठ खाल्ले नसेल. सगळे ओकलो, सकाळची भाकरसुद्धा. मग काळीपिवळी जीप बोलावून मला पातूरला दवाखान्यात नेले. वाटेत शकुनबाईचा नवरा माझा हात धरून सांगत होता, "बुवा, सगळं नीट होते. जीव देनं बरं नाही." मी म्हटले मी जीव देत नव्हतो. तो म्हणाला, "हो हो, सगळे असंच म्हनतात."

डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले पोटात काही दिसत नाही, वेळेवर ओकवले म्हणून वाचले. म्हणजे मी न घेतलेल्या औषधातून वाचलो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून दोघे जण जीव देणाऱ्यांच्या चौकशीचा फॉर्म घेऊन आले. त्यातली बाई गोड बोलत होती. "आजोबा, मनात काय काय येतं?"

"कोल्हा येतो."

तिने लिहून घेतले. काय लिहिले कोण जाणे.

आणि त्याच दिवशी दुपारी किसन आला. आता खरे काय झाले ते ऐक. त्याने पिशवी ठेवली आणि सुभद्रेला म्हणाला, सामान बांध. ती दारात उभी राहिली. म्हणाली, "दादा, याइनं काल डबा हाती घेतला होता. असं बुढं मानूस एकटं टाकून मी येऊ? उद्या काही झालं तं लोक तुह्या तोंडावर थुकतीन." किसन माझ्याकडे पाहत राहिला. मी खाटेवर पडून होतो. मला तेव्हा बोलता आले असते. "अरे, कोल्ह्यासाठी होतं," एवढे तीन शब्द. मी बोललो नाही. उलट थोडा कण्हलो.

किसन तसाच परत गेला.

म्हणून हे लपवायला सांगतो. ती राहिली आहे ती माझ्या मरणाच्या भीतीने राहिली आहे. रोज सकाळी उठून आधी माझ्या खाटेपाशी येते, मी हललो की मग चूल पेटवते. मी कधीकधी मुद्दाम थोडा उशिरा हलतो. हे लिहायला नको होते.

तुझ्या दुकानाचे मी केले ते केले. पण त्याचा सूड म्हणून हे कोणाला सांगितलेस तर लक्षात ठेव, मग मी अमरावतीला येऊन इमरानच्या गिरणीच्या फाटकासमोर उभा राहीन. मला आता उभे राहायची सवय झाली आहे.

खुशाल


मौजे बोरवाडी
२२ जून २००६

रहीम,

तू उत्तर दिले नाहीस. दानियालला पाठवलेस. यापेक्षा चार शिव्या लिहून पाठवायच्या होत्या.

तो परवा सकाळी फावडे घेऊन दारात. मी म्हटले, "मारायले आला का?" तो म्हणाला, "बडे अब्बांचा फोन आला होता. म्हने, जाऊन नाली उघडून पाय. मुरूम नसन तर काकांले एक शब्द बोलू नको, वहिनीले इचार मुरूम कोठी हाये."

मी मध्ये पडलो. म्हटले आता पेरण्या तोंडावर आहेत, नाली मग पाहू, माझी छाती दुखते. कोणी ऐकले नाही. त्याने दोन फावडी मारली. काळी माती. आणखी दोन मारली. काळीच. त्याने फावडे टेकले आणि सुभद्रेला विचारले, "वहिनी, मुरूम कोठी हाये?"

सुभद्रेने बोटही केले नाही. ती सरळ पुढच्या अंगणात गेली, माझी खाट उचलून भिंतीला लावली आणि म्हणाली, "इथं. इथपासून त्या तुळशीपर्यंत. गाडीभर."

तुझ्यापासून आता काय लपवायचे. दर पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, खाटेचे पाय रुततात, माझे गुडघे धरतात. मी म्हटले कोंबड्यांना मुरूम कशाला, मला होईल. तू ट्रकमध्ये गाद्या चढवत होतास त्या दिवशी रागारागात मी तो सगळा अंगणात पसरला आणि वर पाणी मारून चोपला. सुभद्रेला सांगितले, रहीम म्हणाला नालीला मुरूम लागत नाही.

दानियाल काही बोलला नाही. तू बोलू नको म्हणाला होतास म्हणून. पण त्याने माझ्याकडे जे पाहिले, त्यापेक्षा फावडे मारले असते तरी चालले असते.

मग दोघांनी मिळून अंगण उकरले. मलाही टोपली दिली. पाच जणांचे काम तिघांनी दोन दिवस केले. गोटे नाल्यातून आणले, नाली पुन्हा दीड हात खोदली, जाळी बाहेरच्या बाजूला वळवली, मुरूम भरला, पाणी घातले, धुमसाने ठोकला. कोपऱ्यातला खांब नवा घातला. जाळी तीच आहे, रहीम. तुझीच. तिला एक भोक नव्हते. मी कापलेला हातभर तुकडा तेवढा दानियालने तारेने शिवला.

काम संपल्यावर दानियाल हातपाय धुवायला गेला, तेव्हा मी सुभद्रेला सगळे सांगून टाकायचे ठरवले. मुरूम तर उघडा पडलाच होता. म्हटले, "बाई, आनखी एक सांगाचं हाये. त्या दिवशी मी औषध घेनार नव्हतो. ते कोल्ह्यासाठी होतं. तू माह्यासाठी थांबली, पन मी तुले फसवलं."

ती ताटातली भाकर मोडत होती. म्हणाली, "मामाजी, वाटीत आतडं होतं. मरनारा मानूस आतडं कालवून पेते का?"

मला आधी कळलेच नाही. "मंग तू बोंबलली काहून?"

"दादा दुसऱ्या दिवशी येनार होता. मी नाही म्हटलं तं ऐकत नव्हता. कोंबड्या गेल्या, मंग मी कोनत्या तोंडानं सांगू? तुमी डबा घेऊन निघाले, मले रस्ता सापडला. सारी गल्ली साक्षीले आली."

"अन् मीठ? एक लोटा पुरला असता. तीन काहून?"

"पहिला दादासाठी. सगळ्याइले खरं वाटाले पायजे," ती म्हणाली. "बाकीचे दोन मुरमाचे. पोस्टमननं कार्ड वाचलं, त्याच दिवशी मले समजलं होतं."

रहीम, मी इतके दिवस खाटेवर उशिरा हलत होतो आणि ती खाटेपाशी उभी राहून माझ्या हलण्याची वाट पाहत नव्हती, मजा पाहत होती. म्हणजे सूड कसा घ्यावा हे मी बाजारात काठीला कोंबडी टांगून शिकवत होतो आणि माझ्या घरात शिकलेले माणूस बसले होते.

मग तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. "मी कोठी जात नाही. हे घर सोडाचं असन तं माह्या मर्जीनं सोडीन, दादाच्या नाही अन् श्रावणच्याही नाही. पन एक आहे. रहीमचाचाच्या दुकानापुढं जे ओरडले, ते तिथंच जाऊन परत घ्याचं. नाही तं मी उद्या गल्लीत सांगतो की तुमी कोल्ह्याचं जेवन घेऊन निघाले होते. साऱ्या गावात हसू होईन तुमचं."

मी म्हटले एक बाजार जाईन.

बाहेरून दानियाल म्हणाला, "तीन बाजार बोलले, काका. तीनच लागतीन."

इतका वेळ तो गप्प होता. तू 'मुरूम नसला तर बोलू नको' म्हणाला होतास. मुरूम आता नालीत होता.

खुशाल


मौजे बोरवाडी
१४ जुलै २००६

रहीम यास नमस्कार,

यावेळी लिहिला आहे. सुभद्रा समोर बसली आहे, टपालात टाकण्याआधी हे पत्र ती वाचणार आहे, म्हणून जे आहे तेच लिहितो.

तीन बाजार झाले. सांगतो कसे झाले.

पहिल्या बाजारी एकच वाक्य बोललो. दुकानासमोर उभा राहिलो, माणसे जमली, त्यांना वाटले आज काय नवीन. मी म्हटले, "जाळी चांगली होती." आणि निघायला वळलो. कोणी तरी म्हणाले, "दानियालनं काय खाऊ घातलं बुढ्याले?" हशा झाला. मी घरी आलो. सुभद्रेने विचारले, सगळे बोलले का? मी म्हटले थोडे राहिले. म्हणाली, मग हा धरायचा नाही. म्हणजे चार करावे लागले असते, पण दानियाल उदार आहे, त्याने धरला.

दुसऱ्या बाजारी मुरमाचे सांगितले. कसा मागितला, कसा आला, कुठे गेला. भाजीवाल्या बायांपैकी एक म्हणाली, "आपल्या खाटेखाली घातला? सुनेच्या कोंबड्या मारून?" त्या बाईला मी ओळखतही नाही. तिने माझ्यावर एक सडका टमाटा फेकला. बरोबर लागला.

तिसऱ्या बाजारी फार कोणी नव्हते, पाऊस होता. मी छत्री मिटून उभा राहिलो, कारण छत्री धरून असे बोलणे बरे दिसत नाही. म्हटले, "रहीमची जाळी खरी होती, भरनारा मानूस खोटा होता." वाटेने जाणारा एक जण थांबला. आलेगावचा, तोच, ज्याने गुंडाळा परत ठेवला होता. त्याने विचारले, "कोन मानूस?"

इतके दिवस बोललो पण हे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "मी."

तो दुकानात गेला आणि गुंडाळा घेऊन बाहेर आला. मला म्हणाला, "मुरूम किती लागते?" मी म्हटले, गाडीभर, आणि तो अंगणात टाकू नको.

आता कोल्ह्याचे. तो येतो. रोज झुंजुमुंजूला मी परसात डाल्याच्या मागे बसून पाहतो. तो जाळीच्या कडेने फिरतो, एका जागी थांबतो, पायाने उकरतो. वरची माती उडते, मग नख खडीला लागते. तो पाय उचलून चाटतो. पुन्हा उकरतो. मग खाली वळलेली जाळी लागते. आत सुभद्रेची खुडूक कोंबडी बसली आहे, तिच्याखाली अकरा पिल्ले निघाली, त्यांचा आवाज त्याला ऐकू येतो. तो बसून राहतो. मीही बसून राहतो. औषधाने तो एकदाच मेला असता. आता रोज सकाळी उपाशी परत जातो आणि मी रोज पाहतो. सुभद्रा म्हणते, किती दिवस पाहाल? मी म्हटले, दहा कोंबड्यांचे पाहायचे आहे, अजून बरेच दिवस आहेत.

घराचे म्हणशील तर अंगण उकरलेले आहे. घोट्यापर्यंत चिखल. खाट ओट्यावर घेतली आहे, आणि गुडघे तू विचारू नको.

पण हे पत्र वेगळ्या कारणाने लिहितो. काल दानियाल आला. मला वाटले आता मिटले. तो म्हणाला, "बडे अब्बांले फोनवर सांगितलं, तीन बाजार झाले. ते म्हने, अजून एक."

मी विचारले, कशाचा? त्याने खांदे उडवले. पण मला कळले कशाचा. त्या दिवशी ट्रकपाशी तू माझ्याकडे पाहिले नाहीस असे मी लिहिले होते. खरे असे आहे की मी कोपऱ्याआड सरकलो होतो. तू दोनदा मागे वळून कोपऱ्याकडे पाहिलेस. मीच समोर आलो नाही. तू जातोस याचा मला राग होता आणि तो राग मी मुरमावर काढला, कोंबड्यांवर काढला, दानियालवर काढला. हे तुला त्याच दिवशी कळले असेल म्हणून तू चौथा बाजार मागतोस.

ठीक आहे. चौथा बाजार मी करतो. पण तो दुकानासमोर करणार नाही, तुझ्या तोंडासमोर करणार. सकाळच्या एसटीने पातूरला उतर. येत्या बाजारी मी दुकानाच्या पायरीपाशी उभा असेन. तू समोर उभा राहा आणि ऐक. मग तुला जे बोलायचे ते बोल, वाटल्यास टमाटा घेऊन ये. दुपारी बोरवाडीला चल, सुभद्रा जेवायला घालील. मात्र तिने दिलेले पाणी आधी चाखून पाहा, त्यात मीठ असेल.

आणि तू आला नाहीस तर ऐकून ठेव. त्याच्या पुढल्या बाजारी मी पुन्हा तुझ्या जाळीला वाईट म्हणेन. यावेळी लोक ऐकतील, कारण आता साऱ्या पातुरात मी खरे बोलणारा माणूस म्हणून ठाऊक झालो आहे.

खुशाल